ते वचन बिल्ददाचं आहे

आज सकाळी वास्कोत एका तरुण मुलाचं दफन झालं. माती टाकून होते न होते तोच मंडळीतले एक वडीलधारे त्याच्या आईला म्हणाले, "रडू नको बाय. आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल, असं वचन आहे. ईयोबासारखा धीर धर. देवापुढे आपण कोण?" ती माउली हातातल्या रुमालाकडे बघत राहिली.

हे बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकातलं वचन, ईयोब ८:७. कॅलेंडरवर छापतात, दुकानात फ्रेम करून लावतात. अहो, हे देवाचं बोलणं नाही! ईयोबाचा मित्र बिल्दद याचं आहे. तीनच ओव्या वर बघा, ८:४. दहा मुलं एका दिवसात गमावलेल्या बापाला, ईयोबाला, हाच बिल्दद सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ देवाने त्यांना दिलं. हे त्या आईला ऐकवायचं? मुलाच्या कबरीपाशी?

ईयोबातून वचन काढताना आधी कोण बोलतंय ते बघा. ईयोबाशी बोलणारे दुसरेही आहेत. ४, ५, १५, २२ त्याचा मित्र अलीफज याचे अध्याय. ८, १८, २५ बिल्ददाचे. ११ आणि २० तिसरा मित्र सोफर याचे. ३२ ते ३७ नंतर बोलणाऱ्या अलीहूचे. यांतलं वाक्य सुटं उचललं की मित्राचा आरोप देवाचा आशीर्वाद होऊन बसतो. प्रेषित पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये अलीफजाचंच वाक्य घेतलंय, तेव्हा त्यांचं सगळंच खोटं नव्हतं, मान्य. पण पौलाने ते दुखावलेल्या आईला सुनावलं नव्हतं.

आणि धीर? ईयोबाच्या धीराविषयी याकोब ५:११ मधला ग्रीक शब्द 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. मुकाट राहणं त्यात नाही. तिसऱ्या अध्यायात ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, तो काय मुका होता?

"देवापुढे आपण कोण", हे मात्र खरं. अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? समुद्राला दारं लावून 'इथवरच ये' असं कोणी सांगितलं? जूनमध्ये बायणाच्या किनाऱ्यावर उभं राहिलेल्याला हे समजावावं लागत नाही. पुढे माणूस राहत नाही अशा रानात पडणारा पाऊस येतो, रानबकरीची वीण येते. ईयोब तोंडावर हात ठेवतो (४०:४).

पण तिथे थांबू नका, ४२:७ वाचा. देवाचा राग भडकला तो अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत, म्हणतो. सात बैल, सात मेंढे घेऊन त्यांनी ईयोबाकडेच जायचं, प्रार्थना त्याने करायची. सगळं कळल्यासारखं कारण सांगत सुटलेल्यांना देवाने वाकवलं.

ते वडीलधारे वाईट नाहीत. कबरीपाशी शांतता सोसवत नाही, म्हणून माणूस जिभेवर येईल ते बोलतो. ईयोबाच्या त्या तिघा मित्रांनाही आधी गप्प बसणं जमलं होतं की. सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत.

उद्या संध्याकाळी तिच्या घरी प्रार्थना आहे. जाणाऱ्यांनी पेजेचं भांडं न्या, त्या घरात चूल पेटलेली नाही. वाचायचंच तर २:११ ते १३ वाचा आणि शास्त्र मिटा. तिने "का" म्हणून विचारलं तर विचारू द्या. तो प्रश्न शास्त्रातच आहे, ३:११.