काही फोनांवर वाय-फाय मंद चालते, ते प्लॅन अपुरा असल्यामुळे नव्हे

पावसाळा लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरगुती व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो आणि गणपतीला चाकरमानी येईपर्यंत तो घरोघरी पोहोचलेला असतो. त्यात म्हटले आहे की घरातल्या काही फोनांवर वाय-फाय मंद चालत असेल तर प्लॅन अपुरा आहे, तो वाढवावा. पावसाळी हवा लहरी शोषून घेते, त्यामुळे चार महिने त्यावर इलाज नाही. मंद चालणारा फोन जुना असतो, त्याचा इतरांना उपद्रव होत नाही. राउटरवर पाच गिगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा निवडला की घरभर वेग मिळतो. आणि अँटेनामागे ॲल्युमिनियमची फॉइल लावली की उरलेली अडचणही जाते. हे वाचून माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी महागडे प्लॅन घेतले, तरी त्यांच्या माजघरातला टीव्ही पूर्वीसारखाच अडखळतो आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पहिल्या दाव्याचे उत्तर ‘काही फोनांवर’ या शब्दांतच आहे. घरात येणारी फायबरची तार सर्वांसाठी एकच असते. ती मंद असेल तर सगळीच उपकरणे मंद चालतील. एकाच वेळी ओटीवरचा फोन व्यवस्थित चालतो आणि माजघरातला अडतो, तेव्हा दोष राउटर आणि त्या फोनाच्या मधल्या वाटेत असतो. खात्री करायची तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तो प्लॅनइतका आला, तर वरचा प्लॅन घेऊन काहीही साधणार नाही. प्लॅन 200 मेगाबिटचा असूनही केबलवर वेग 94-95 च्या आसपासच थांबत असेल, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट (केबल खुपसायची खाच) 100 मेगाबिटचा आहे किंवा केबलमधल्या काही तारा तुटल्या आहेत, असे समजावे. (वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, 100 मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. हा आठपटीचा फरक ठाऊक नसल्यामुळे फसवणूक झाल्याची भावना अनेकांना होते.) केबलवरही रोज संध्याकाळी वेग कोसळत असेल, तर मात्र तक्रार सेवा पुरवणाऱ्याकडेच करावी.

पावसाचा मुद्दा अधिक नीट पाहायला हवा, कारण तो अनुभवातून आलेला आहे. मुसळधार पावसात छतावरच्या डिशचे चित्र गोठते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ते प्रक्षेपण 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपासचे असते आणि काही किलोमीटर पावसातून खाली येते. वाय-फायच्या लहरी 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या असतात व त्यांना घरातल्या घरात काही फूटच जायचे असते. तेवढ्या अंतरात दमट हवेमुळे होणारी घट नगण्य आहे. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येत असे आणि सांध्यांत पाणी शिरले की ते खरोखरच मंदावत असे. तेव्हाचा समज तेव्हा बरोबर होता. फायबरमधून प्रकाश जातो, त्याला ओल बाधत नाही. फांदी पडून तार वाकली किंवा सांधा बिघडला तर प्रकाश घटतो खरा, पण मग घरातली सगळीच उपकरणे रडतात.

पावसाळ्यात खरोखर बदलते ती भिंत. आपली घरे जांभ्या चिऱ्याची आहेत. चिरा सच्छिद्र असतो, पागोळ्यांचे आणि जमिनीतले पाणी तो पितो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी जास्त शोषते. त्यातच झडीसाठी पडवीला पत्रे ठोकले जातात आणि पत्र्यातून लहरी पलीकडे जातच नाहीत. तार जिथून घरात आली त्याच ओटीच्या कोपऱ्यात राउटर टांगलेला असेल, तर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचताना लहरींना दोन-तीन ओल्या भिंती लागतात. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि दारांच्या रेषेत आणून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. माडीवर वेग हवा असेल तर तिथे लॅन केबल नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वाय-फायवर देणारी पेटी) बसवावा. रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारी पेटी) घेतलाच तर तो सिग्नल मरतो त्या खोलीत न ठेवता सिग्नल अजून चांगला असतो तिथे ठेवावा, कारण त्याला जे मिळते तेच तो पुढे देतो.

मंद फोनाचा इतरांना उपद्रव नसतो, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. एका चॅनलवरची, म्हणजे पट्ट्यातल्या एकाच अरुंद भागावरची, सगळी उपकरणे आळीपाळीने बोलतात. भिंतीआड बसलेला फोन 6 मेगाबिटच्या दराने बोलत असेल, तर तेवढीच माहिती न्यायला त्याला 60 मेगाबिटने बोलणाऱ्या फोनाच्या दहापट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे खोळंबतात. चाकरमान्यांनी भरलेल्या घरात मागीलदारी कोणी व्हिडिओ पाहू लागले की राउटरशेजारच्या माणसाचेही काम अडते, ते यामुळेच. वेग वाढवायचा तर सर्वांत कमजोर फोनाची जागा सुधारावी लागते.

पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, पण भिंत ओलांडण्यात 2.4 च्या मागे पडतो. चिऱ्याच्या घरात राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला पाच द्यावा आणि लांबच्या खोल्यांना 2.4 राहू द्यावा. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनले 1, 6 आणि 11 ही तीनच आहेत. वाडीतली घरे लांबलांब असल्याने तिथे गर्दी क्वचितच होते. चिपळूण किंवा रत्नागिरी शहरातल्या इमारतींत मात्र शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या चॅनलवर आहेत ते पाहून आपले निवडावे. राउटर 12 किंवा 13 वर गेला तर अमेरिकेहून आणलेल्या काही लॅपटॉपना तो दिसतच नाही.

फॉइलने लहरींची दिशा बदलते. एका बाजूला थोडे वाढते, दुसऱ्या बाजूचे जाते.

संदेशात नसलेली एक गोष्ट मात्र तपासावीच. जुन्या राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये टीकेआयपी (माहिती गुप्त ठेवण्याची जुनी पद्धत) निवडलेले असेल, तर वाय-फाय 4 (वाय-फायची चौथी पिढी) किंवा त्यापुढचे उपकरणही 54 मेगाबिटच्या जुन्या दरावरच अडकते. तिथे डब्ल्यूपीए2 आणि एईएस या त्यानंतरच्या पद्धती निवडाव्यात, आणि एखादा फोन पुन्हा जोडला गेला नाही तर त्यातले जुने नेटवर्क काढून पासवर्ड नव्याने घालावा.