एकोणिसाव्या वर्षीचं लग्न, माझं मत आणि तुमचा आक्षेप

मुलींच्या लग्नाचं किमान वय १८ वरून २१ करायला मी विरोध केला आणि त्याच लेखात 'एकोणिसाव्या वर्षी लग्न करणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो' असंही लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, "मनातून नावं ठेवायची आणि वर स्वातंत्र्याचा झेंडा मिरवायचा, हा दुटप्पीपणा आहे. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याच्या वेळी टिळकांनी हेच केलं."

दोन्ही मतं कायम आहेत. अमुक मुलीने आत्ता लग्न करावं का, हा एक प्रश्न. तिने केलं तर तिच्या नवऱ्याला तुरुंगात टाकावं का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर 'करू नये', दुसऱ्यालाही 'टाकू नये'. यात विसंगती कुठे आहे? एकोणिसाव्या वर्षी पदवी अर्धवट असते, स्वतःच्या नावावर पैसे नसतात, आणि सासरी पटलं नाही तर माहेरच्या दाराशिवाय दुसरं दार नसतं. हे सगळं विचारणाऱ्या मुलीला तोंडावर सांगावं. कायद्याचं काम वेगळं असतं.

बालविवाह प्रतिबंध (सुधारणा) विधेयक २१ डिसेंबर २०२१ ला लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. त्यात 'बालक' म्हणजे २१ पूर्ण न झालेली व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी. आता २००६ च्या मूळ कायद्याचं कलम ९ त्याला जोडून वाचा: बालिकेशी लग्न करणाऱ्या अठरावरील पुरुषाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे वीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पसंतीने, जातीबाहेर लग्न केलं की चिडलेल्या बापाच्या हातात आयती तक्रार. मतदान अठराव्या वर्षी, शरीरसंबंधाला संमती अठराव्या वर्षी, लग्न मात्र एकविसाव्या. २०१८ च्या नंदकुमार प्रकरणात मुलगाच २१ चा नव्हता. तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोघं सज्ञान आहेत, लग्नाची पात्रता नसली तरी एकत्र राहू शकतात. दोघांचं वय सारखं करायचंच असेल तर दुसरा रस्ताही आहे. विधी आयोगाने २००८ मध्ये दोघांसाठी १८ सुचवलं होतं.

आणि ज्या लग्नांची तुम्हाला काळजी आहे ती २१ च्या रेषेने थांबणार नाहीत. ती १८ च्या रेषेनेही थांबलेली नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. बीडकडे ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, 'कोयत्या'मागे मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप पाच-सहा महिने फडावर, मागे वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? हंगामी वसतिगृह असेल आणि त्यात मुलींची नीट सोय असेल तर लग्न पुढे ढकललं जातं. नसेल तर वयाचा आकडा कितीही वाढवा, पत्रिका छापली जात नाही एवढाच फरक पडतो.

आता टिळक. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे ठेवलेल्या कलमांत मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, असं होतं. पण हे स्वखुशीने पाळायचं, सरकारी कायदा नको. वरवर पाहता माझंही तेच. पण १८९१ च्या कायद्याने संमतीवय, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय, दहावरून बारा केलं. दहा-अकरा वर्षांच्या पोरीची यात कसली आली निवड? तिच्या वतीने नवरा आणि बाप निवडत होते, आणि स्वातंत्र्य त्यांचं राखलं जात होतं. त्या वादात कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले आगरकर बरोबर होते. सज्ञान बाईच्या निर्णयावर मत राखून गप्प बसणं आणि मुलीवरच्या जुलमावर गप्प बसणं, या दोन गोष्टी मी एका तागडीत घालणार नाही.

तुमच्या आक्षेपातला एक भाग मात्र खरा आहे. मत 'खाजगी' आहे असं म्हणून कृती दडवता येते. याची उदाहरणं विशेष विवाह कायद्याच्या, म्हणजे जात-धर्म न पाहता होणाऱ्या नोंदणी लग्नाच्या, नोंदणीत हवी तेवढी सापडतील. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं. नोटीस दिली की ती कार्यालयाच्या फलकावर लागते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडेही जाते, आणि गावाला बातमी बहुधा तिथूनच लागते. मग ३० दिवस हरकतीची मुदत. हरकतीची कारणं मोजकी आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, वय, निषिद्ध नातं. 'शिक्षण अर्धवट आहे' हे कारण त्यात नाही. मुदत संपल्यावर तीन साक्षीदार घेऊन लग्न लावता येतं, पण नोटिशीपासून तीन महिन्यांत लागलं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

म्हणजे अडवायचं ठरवलं तर तोंडाने 'तुमची मर्जी' म्हणत वेळ काढणं पुरतं. शाळा सोडल्याचा दाखला घरच्या कपाटात कुलूपबंद ठेवणं, साक्षीला येतो म्हणून न येणं, घरमालकाने भाडेकरार मागे घेणं, बाबूने 'आईवडिलांना घेऊन या' म्हणून परत पाठवणं. हा दुटप्पीपणा, आणि त्याला माझ्याकडून सूट नाही. अधिकार हातात असलेल्या माणसाचं मत खाजगी राहिलंय की नाही, ते दाखला वेळेवर मिळाला का यावरून ठरतं. बाकीच्यांनी विचारल्यावर एकदा स्पष्ट सांगावं, परत परत टोचू नये, आणि साक्षीला बोलावलं तर ओळखपत्र घेऊन वेळेवर जावं. मनातलं मत बदलायची गरज नाही.

त्या विधेयकातलं एक कलम मला हवं होतं, ते तुमच्या प्रतिक्रियेत आलंच नाही. बालपणी लावलेलं लग्न रद्द करून घ्यायला आज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं मिळतात, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. विधेयकात ही मुदत पाच वर्षं होती. सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढवलेली मुलगी विसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन, हातात पैसा नसताना वकील कुठून शोधणार? तेविसाव्या वर्षी थोडी तरी शक्यता असते. तेवढी दुरुस्ती वेगळी आणली तर माझा पाठिंबा आहे, तुमचाही असावा.