तोंडी परीक्षेची दहा मिनिटं

ताईची मुलगी पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बीईला आहे. गेल्या आठवड्यात तिचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. हजेरी ७१ टक्के. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस तोच विषय. दाजींचं म्हणणं, ७५ टक्क्यांचा नियम आहे तर तो पाळायचा. पोरं कॉलेजात टिकतात कुठे हल्ली? भाचीचं म्हणणं, सकाळच्या लेक्चरला सर पीपीटी वाचून दाखवतात आणि रात्री तीच पीपीटी ग्रुपवर येते. शिवाय अल्गोरिदमच्या, म्हणजे संगणकाने प्रश्न पायरीपायरीने सोडवायच्या रीतींच्या, सगळ्या असाइनमेंट यंदा हाताने लिहून आणायच्या आहेत, म्हणजे चॅटजीपीटीची कॉपी होणार नाही. ती चॅटजीपीटीचंच उत्तर समोर ठेवून हाताने उतरवते. चार रात्री त्यात गेल्या.

"मावशी, तुमच्याकडे कसं असतं गं?" तिने विचारलं.

मी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात हाच विषय शिकवते. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात जो सहा पानी सिलॅबस पडतो, त्यात धड्यांची यादी अर्ध्या पानाची असते. बाकी साडेपाच पानं म्हणजे आमच्यातला करारच. गृहपाठ किती, उशीर झाला तर काय, सगळ्यात कमी गुणांचे दोन गृहपाठ सोडून देणार, पेपर तपासणीबद्दल तक्रार किती दिवसांत करायची. हजेरीचा रकानाच नाही. आणि एक कलम ठळक अक्षरांत: कोणाशीही चर्चा करा, पण उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा आणि कोणाची मदत घेतली ते नावानिशी लिहा. मैत्रिणीने युक्ती सुचवली असेल तर तिचं नाव उत्तराखाली आलं पाहिजे. नाव लिहिल्याने गुण कापले जात नाहीत. लपवलं तर मात्र ती चोरी.

असे नियम मी एकटीने शोधलेले नाहीत. इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक जेफ एरिक्सन आपल्या अल्गोरिदमच्या वर्गात पुस्तक, इंटरनेट, माणूस, कुठलाही स्रोत वापरू देत, फक्त त्याचा उल्लेख हवा. त्यांचा आणखी एक नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रागच आला होता. प्रश्नाखाली 'मला माहीत नाही' एवढंच लिहिलं, तर त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण! मी वाढले ते 'पान कोरं सोडू नकोस, काहीतरी लिहून ये, दोन मार्क तरी पडतील' हे ऐकत. इथे न येण्याचे गुण कसले द्यायचे?

मग मी स्वतः पेपर तपासायला लागले. चार पानं भरून लिहिलेलं चुकीचं उत्तर, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. या विषयात ते कोऱ्या पानापेक्षा वाईट असतं. कारण अल्गोरिदम दहा उदाहरणांवर बरोबर चालतो आणि अकराव्याला आपटतो, आणि तो अकरावा कुठे आहे हे शोधणं म्हणजेच हा विषय. आपल्याला कुठपर्यंत कळलंय याची रेघ ज्याला ओढता येत नाही, त्याला सिद्धता, म्हणजे आपली रीत दर वेळी बरोबरच चालते याचा पुरावा, लिहिता येणार नाही. तो नियम मी माझ्या वर्गात आणला, आणि आजही तो माझा सगळ्यात आवडता नियम आहे.

पण २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि माझ्या सहा पानांची वाट लागली. गृहपाठ एकाएकी निर्दोष यायला लागले. १९९४ साली अ‍ॅलेक्स एकन यांनी तयार केलेलं मॉस नावाचं सॉफ्टवेअर इथे सर्रास वापरतात. व्हेरिएबलची नावं बदलून मित्राचा कोड दिला तरी ते पकडतं. मशीनने प्रत्येकाला नवं उत्तर लिहून दिलं तर त्याचा फारसा इलाज चालत नाही. मग इथेही पुन्हा हॉलमध्ये बसून कागदावरच्या परीक्षा वाढल्या. मी गृहपाठाचं वजन ४० टक्क्यांवरून १५वर आणलं आणि प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा सुरू केली.

त्यातली एक अजून डोळ्यांसमोर आहे. नाण्यांचा नेहमीचा प्रश्न: कमीत कमी नाण्यांत सुट्टे कसे द्यायचे? मुलाचा गृहपाठ सुरेख होता. मी टेबलावर खरी नाणी ठेवली, २५, १०, ५ आणि १ सेंटची, आणि ३० सेंट द्यायला सांगितले. दर वेळी बसेल ते सगळ्यात मोठं नाणं उचलायचं, या हावऱ्या रीतीने त्याने २५ आणि ५ ठेवले. बरोबर. मग मी ५ सेंटची सगळी नाणी पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, आता दे. त्याने २५ ठेवलं आणि त्यापुढे एकेक करत पाच सेंट मांडले. सहा नाणी. शेजारी दहाची तीन नाणी तशीच पडली होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मिनिटभराने त्याने सहाही नाणी मागे ओढली, दहाची तीन पुढे केली आणि म्हणाला, "म्हणजे मी जी सिद्धता लिहिली ती कशाची होती?" त्या क्षणापासून तो खरा शिकायला लागला.

त्या दिवशी घरी जाताना मला जाणवलं, की हे तर आपल्याकडे आहेच. व्हायवा, ओरल, बाहेरून येणारा परीक्षक म्हणजे एक्स्टर्नल. इथल्या लोकांना जे नव्याने उभं करावं लागतंय, ते आपण कित्येक वर्षं बाळगून आहोत, आणि त्याची माती केलीय. माझी स्वतःची ओरल दोन मिनिटं चालली. "बायनरी सर्चची कॉम्प्लेक्सिटी?" "ओ ऑफ लॉग एन." "नेक्स्ट." फाईलवर सही. का लॉग, म्हणजे यादी दुप्पट झाली तरी शोधायला एकच पायरी का वाढते, हे कोणी विचारलं नाही. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर जी रांग लागायची, ती त्या दोन मिनिटांची तयारी होती.

दाजींचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. हजेरी नसल्याची किंमत इथे मी पाहिलीय. एका सेमिस्टरला एक मुलगी पाच आठवडे वर्गात नव्हती आणि १८० जणांच्या हॉलमध्ये ते माझ्याही लक्षात आलं नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या इथल्या १९७४च्या कायद्यामुळे तिच्या संमतीशिवाय मी सहसा तिच्या आईवडिलांशी तिच्या अभ्यासाबद्दल बोलूही शकत नाही. आपल्याकडे 'दोन दिवस दिसला नाहीस, बरा आहेस ना?' असं विचारणारे सर असतात, मलाही होते. पण तीच हजेरी नोटीस बोर्डावर नाव लावून धाक दाखवायला वापरली, की त्यातली काळजी संपते. माझी भाची त्या यादीसमोरून मान खाली घालून गेली, आणि अल्गोरिदम तिला तरीही आलेला नाही.

दहा मिनिटांचा हिशेब तसा आवाक्यातला आहे. ६० मुलांच्या डिव्हिजनला ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. दोन दिवसांचं काम. माझ्याकडे १८० मुलं, ३० तास, पाच सहायकांत वाटलेले. पण पुण्यात ते १० तास कोण बसणार? तासिका तत्त्वावर राबणारे, महिन्याचा पगार वेळेवर न मिळणारे तरुण प्राध्यापक? पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची आणि हजेरीसाठी चेहरा ओळखणारी यंत्रं घ्यायची, हे मला इथे बसूनही सहन होत नाही. त्या पैशांत माणसं नेमा. एक्स्टर्नलना एका दिवसात दोन-दोन डिव्हिजन उरकायला लावू नका. प्रत्येकाला त्याने स्वतः जमा केलेल्या कोडवर एक प्रश्न विचारा, त्यातलं एक गृहीतक बदला आणि तो काय करतो ते शांतपणे बघा. ज्याला जमलं नाही त्याला आठवड्याने परत बोलवा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दाजींनी विचारलं, "तुझ्या त्या दहा मिनिटांत किती नापास झाले?" १८० पैकी २३ जणांना परत यावं लागलं, त्यातले १९ दुसऱ्या खेपेला सुटले. नाण्यांवाला मुलगा त्यातलाच एक.

भाचीची ओरल पुढच्या महिन्यात आहे. एक्स्टर्नल कोण येणार ते अजून कळलेलं नाही.