‘चालतंय ना, मग कर्नलला हात लावू नका’

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि दर काही महिन्यांनी नव्या जोमानं शेअर होतो. त्याचा गोषवारा असा: मशीन सुरळीत चालू असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अपडेट करू नका, पॅचनं (दुरुस्तीच्या तुकड्यानं) सुधारण्यापेक्षा बिघडतंच जास्त. करायचंच तर ‘सिक्युरिटी’ म्हणून जाहीर झालेले पॅच तेवढे लावा. फायरवॉलच्या आतल्या मशीनला त्याचीही गरज नाही. आणि ज्याचा अपटाइम, म्हणजे न थांबता चालण्याचा काळ, हजार दिवसांवर गेलाय तो सर्व्हर सगळ्यात भरवशाचा. सांगणारे बहुधा अनुभवी असतात, म्हणून नवखे डोळे झाकून ऐकतात. मला हा सल्ला घातक वाटतो.

आधी ‘फक्त सिक्युरिटीचे पॅच’. यात असं धरून चाललंय की साधा बग वेगळा आणि सुरक्षेतलं भगदाड वेगळं, आणि कोणता कुठला हे पॅच लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. कर्नलमध्ये तसं नसतं. लिनक्स कर्नलमधल्या ‘डर्टी पाइप’ या भगदाडाची गोष्ट यासाठी नीट पाहण्यासारखी आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माक्स केलरमान या डेव्हलपरकडे एका ग्राहकाची तक्रार आली: डाउनलोड केलेली लॉग फाइल उघडत नाही. सीआरसी, म्हणजे फाइल शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा, जुळत नव्हता. त्यांनी फाइल हातानं दुरुस्त करून दिली, प्रकरण मिटलं. काही महिन्यांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. खराब फाइली शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की बिघाड शेवटच्या आठ बाइटमध्ये आहे, आणि त्यांची सुरुवात ‘पी’, ‘के’ या अक्षरांनी होते. ही झिप फाइलच्या हेडरची खूण. पण झिप बनवणाऱ्या प्रोसेसला त्या लॉग फाइलींवर लिहायची परवानगीच नव्हती, ती नुसती वाचत होती. मग लिहिलं कुणी? कर्नलनं. पाइपच्या (एका प्रोसेसमधून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या सोयीच्या) बफरमधलं फ्लॅग्जचं, म्हणजे खुणांचं, फील्ड साफ न करताच पुन्हा वापरलं जात होतं. ही चूक २०१६ साली शिरली, तेव्हा तिचा कुणाला उपद्रव नव्हता. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत त्या फील्डमध्ये एका नव्या फ्लॅगची भर पडली आणि वाट उघडली: जी फाइल साध्या युजरला फक्त वाचता येते, तिच्यातला मजकूर तो बदलू शकत होता, अगदी युजर खात्यांच्या फाइलमधलासुद्धा. म्हणजे थेट रूट, मशीनवरचे सगळे अधिकार. दुरुस्ती किती मोठी होती? दोन ठिकाणी एकेक ओळ, फील्ड शून्य करणारी.

आता विचार करा. याच दोन ओळी कुणी २०१७ मध्ये पाठवल्या असत्या, तर त्यांच्यावर ‘सिक्युरिटी’चा शिक्का बसला नसता. शिक्का बघून पॅच निवडणाऱ्यानं त्या सोडून दिल्या असत्या. लिनक्स कर्नलची स्टेबल (दुरुस्त्यांची) शाखा सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन ‘निवडत बसू नका, सगळं घ्या’ असं कळकळीनं सांगत आलेत, ते यामुळेच. शिवाय २०२४ पासून लिनक्स कर्नलची टीम स्वतःच भगदाडांना सीव्हीई हे ओळख क्रमांक देते, आणि ते वर्षाला हजारांच्या घरात जातात. शिक्क्यावरून निवडायचं ठरवलं तरी ते आता कुणाच्या आवाक्यातलं उरलेलं नाही.

फायरवॉलचा मुद्दा २०१७ मध्येच निकालात निघाला. विंडोजच्या एसएमबी (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याच्या) कोडमधल्या भगदाडाचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला दिला. त्याच भगदाडातून घुसणारं वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी. एकदा आत शिरल्यावर ते एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप जात होतं आणि आतली मशीन्स धडाधड पडली. दुसरं असं, की हल्लेखोर बहुतेक वेळा कर्नलमधून आत येतच नाही. वेब ॲप्लिकेशनमधल्या एखाद्या फटीतून तो साधा युजर म्हणून येतो. कर्नलमधली चूक त्याला पुढे मालक करते. फायरवॉल तोवर मागे पडलेली असते.

‘जुना कर्नल पारखलेला असतो’ असंही म्हणतात. ‘डर्टी काऊ’ हे लिनक्स कर्नलमधलं भगदाड २००७ पासून २०१६ पर्यंत सगळ्यांच्या नजरेसमोर तसंच पडून होतं.

पॅचनं बिघडतं, हे मात्र मी नाकारणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या स्टेबल कर्नलमुळे एक्स्ट४ फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब होण्याची भीती निर्माण झाली, आणि डेबियन या लिनक्स वितरणानं १२.३ आवृत्तीच्या इमेज ऐनवेळी थांबवल्या. दुरुस्ती काही दिवसांत आली. यातून शिकायचं ते एवढंच की आधी एक-दोन मशीनवर लावा, थोडं थांबा, बूट मेनूतला आधीचा कर्नल काढू नका. जुलै २०२४ मधल्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या घोळाचा, ज्यात जगभरची विंडोज मशीन्स बंद पडली, दाखला इथे देतात, तो तर गैरलागूच आहे. ती बाहेरच्या कंपनीच्या ड्रायव्हरला मिळालेली सदोष फाइल होती, कर्नलचा पॅच नव्हता.

राहिला अपटाइम. लिनक्सच्या काही जुन्या कर्नलमध्ये वेळेचा हिशोब २ चा ५४ वा घात इतक्या नॅनोसेकंदांना ओलांडला की गडबडायचा. म्हणजे साधारण २०८ दिवस. तिथून पुढे ते मशीन केव्हाही कोसळू शकत होतं, आणि न थांबलेलं असल्यामुळेच.

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. जवळपास ९०० दिवस न थांबलेला एक सर्व्हर वीज गेल्यामुळे बंद पडला. परत चालू झाला, पण डेटाबेस सुरू होईना. डेटाची डिस्क कुणीतरी दोन वर्षांपूर्वी हातानं माउंट केली होती, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) नोंदच नव्हती. करणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. रात्री तीन वाजता कोणती डिस्क कुठे जोडायची हे आम्ही अंदाजानं शोधत होतो. अपटाइमच्या त्या आकड्याचा आम्हाला अभिमान होता, आणि त्याच्याच मागे ही चूक दोन वर्षं दडून बसली होती.

त्याच मशीनवर नव्या कर्नलची चार पॅकेजं बसवलेली होती. रीबूट एकदाही न झाल्यामुळे त्यातलं एकही कधी चाललं नव्हतं. बसवलेला कर्नल आणि चालू कर्नल एकच आहे का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. रीबूट न करता पॅच लावायची सोय लिनक्समध्ये ४.० पासून आहे, पण डेटाची रचनाच बदलणाऱ्या दुरुस्त्या तिला सहजासहजी पेलत नाहीत. त्यामुळे आता आमची सगळी मशीन्स ठरलेल्या दिवशी रीबूट होतात, पॅच आलेला असो वा नसो.