‘घरच्या घरी ग्रेडिंग, पाचशे रुपयांत’: या मेसेजवर विसंबून कार्डं खराब करू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गात क्रिकेट कार्डं जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कार्ड ग्रेडिंगसाठी, म्हणजे त्याची अवस्था तपासून गुण मिळवण्यासाठी, परदेशी कंपनीकडे पाठवायची गरज नाही. रिकामे स्लॅब (कार्ड बंद करायच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या) ऑनलाइन मागवा, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घ्या. स्लॅबच्या कडा फेव्हिक्विकने चिकटवा, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका, पन्नास वर्षं कार्डाला काही होत नाही. भिंगातून बघून गुण स्वतःच द्या, कारण कंपन्याही डोळ्यांनीच बघतात. मोठ्या कंपनीसारखं लेबल छापा आणि दहापट भावाने विका.

कार्ड घरी बंदिस्त करता येतं, आणि कोकणात तर ते करायलाच हवं. पण मेसेजमध्ये सांगितलेल्या सामानाने ते जपलं जाणार नाही, बिघडेल. शिवाय कार्ड जपणं आणि कार्डाला गुण देणं ही दोन वेगळी कामं आहेत. मेसेजने ती एकत्र कालवली आहेत आणि बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होतं.

आधी लॅमिनेशन, कारण ते पुन्हा सुधारता येत नाही. पाऊचच्या आतल्या बाजूला उष्णतेने वितळणारा गोंद असतो आणि यंत्र शंभर अंश सेल्सिअसच्या वर चालतं. वितळलेला गोंद कार्डाच्या छपाईला कायमचा धरतो. सोलायला गेलात तर शाई पाऊचबरोबर निघते. लॅमिनेट केलेल्या कार्डाला कुणीही ग्रेड देत नाही. लॅकरचा पारदर्शक फवाराही त्याच जातीचा. सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांवर, लाखेचा लेप असतो असा दाखला कुणी दिला तर तो इथे लागू पडत नाही. तो लेप गंजिफा घडतानाच दिलेला असतो, छापील कार्डावर मागाहून मारलेला लेप हा फेरफार ठरतो.

‘कुठलंही पारदर्शक पाकीट चालतं’ असंही त्याच मेसेजमध्ये एक वाक्य आहे. स्टेशनरीच्या दुकानातलं आयकार्डाचं मऊ, वास येणारं पाकीट हे मऊ पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं, पाकीट चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. कार्डाला लागून असायला हवी ती पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह, म्हणजे पातळ पारदर्शक पिशवी. ती ओळखायची सोपी रीत आहे: स्लीव्हचा नखाएवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि बोटाने हवेचे बुडबुडे काढा. पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं, पीव्हीसी तळाशी जातं. टॉपलोडर, म्हणजे वरून कार्ड सरकवायचं कडक पाकीट, कडक पीव्हीसीचा असतो, त्यात ते मऊ करणारं द्रव्य नसतं, म्हणून तो चालतो. पण कार्ड त्यात स्लीव्हसकटच घालायचं.

आता फेव्हिक्विक. हा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आहे आणि तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. घट्ट होताना त्याची वाफ उडते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढुरका थर होऊन बसते. उघड्या जागेत ही वाफ निघून तरी जाते. स्लॅबमध्ये ती कोंडते आणि खिडकीच्या आतल्या बाजूला, प्रसंगी कार्डावरही, पांढरट पडदा धरते. दमट हवेत हे अधिकच होतं. दुकानांच्या पाट्या बनवणारे बोर्डवाले अ‍ॅक्रेलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, तेही इथे नको. त्याने प्लास्टिक विरघळून जुळतं, पण कार्ड आत असताना त्याची वाफ शाईलाही लागते.

मोठ्या कंपन्या गोंद वापरत नाहीत. स्लॅबचे दोन अर्धे अल्ट्रासोनिक वेल्डिंगने जोडले जातात, म्हणजे २० ते ४० किलोहर्ट्झच्या कंपनाने. त्यासाठी एका अर्ध्याच्या कडेला बारीक त्रिकोणी धार घडवलेली असते. कंपनाची ऊर्जा तिच्यावर एकवटते, ती वितळते आणि समोरच्या अर्ध्याशी एकजीव होते. हातात धरायची वेल्डिंग यंत्रं विकत मिळतात. मात्र ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त स्लॅब टिचकीने बंद होणारे, सपाट कडांचे असतात. त्यांवर यंत्र चालवलं की प्लास्टिक एका ठिकाणी भाजतं आणि शेजारी जोड पोकळच राहतो. म्हणून मागवण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: कडेला वेल्डिंगची धार आहे का, स्लॅब पॉलिस्टरिनचा आहे की अ‍ॅक्रेलिकचा, आणि आतल्या खाचेची जाडी किती पॉइंट. पहिले चार-पाच स्लॅब रिकामेच वेल्ड करून फोडून बघा. जोड सलग पांढरट रेषेत तुटला तर यंत्र बरोबर लागलं आहे.

पॉइंटचा हिशोब पक्का हवा. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. ३५ पॉइंटची खाच म्हणजे सुमारे ०.९ मिमी. प्रमाण मापाचं कार्ड ६३.५ × ८८.९ मिमी असतं, क्रिकेट अटॅक्ससारखी कार्डं जवळपास तेवढीच. जर्सीचा तुकडा बसवलेलं जाड कार्ड १०० किंवा १३० पॉइंटच्याही घरात जातं. डिजिटल कॅलिपरने मधोमध मापा, पण जबडे कार्डावर दाबू नका. सैल खाचेत कार्ड प्रवासात सरकत राहतं आणि कोपरे पांढरे पडतात. घट्ट खाचेत चकचकीत पृष्ठभाग खिडकीला चिकटतो. बबलगमबरोबर मिळणाऱ्या जुन्या कार्डांची मापं वेगळी असतात. त्यांच्यासाठी तयार स्लॅब शोधत बसू नका, ती अ‍ॅक्रेलिकच्या चौकटीत नीट बसतात.

घरच्या कामासाठी आमचा आग्रह याच अ‍ॅक्रेलिकच्या स्क्रूवाल्या चौकटीचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी लेझर कटिंग करणारा बोर्डवाला मिळतो. मागे-पुढे २ मिमीचे दोन तुकडे, मध्ये खिडकी कापलेली चौकट. चौकटीची जाडी कार्ड अधिक स्लीव्ह यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी जास्त असावी, म्हणजे स्क्रूचा दाब चौकट घेते, कार्डावर येत नाही. बाजारातले जुने स्क्रूवाले होल्डर याच कारणाने बदनाम आहेत: त्यांत मधली चौकट नसते, आवळले की कार्ड चपटं होतं, आणि चपटं झालेलं कार्ड कंपन्या फेरफार केलेलं मानतात. खिडकी स्लीव्हसकट मापून कापा. अ‍ॅक्रेलिकच्या शीटची जाडी लिहिल्याप्रमाणे नेमकी नसते, तीही मोजूनच घ्या. लेझरने कापलेल्या कडेला स्पिरिट किंवा काच पुसायचं औषध लावलं तर बारीक तडे जातात, म्हणून फक्त पाणी आणि सौम्य साबण. कापल्यानंतरचा उग्र वास जाईपर्यंत तुकडे दोन-तीन दिवस उघडे ठेवा. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि गंज चौकटीत उतरतो.

‘पुडी टाका, पन्नास वर्षं बघायला नको.’ मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, आणि तो कोकणात जास्तच घातक. पावसाळ्यात आपल्याकडची हवा दिवसचे दिवस ८० ते ९५ टक्के आर्द्र असते. या हवेत ठेवलेलं कार्ड पापडासारखं सादळतं. ते तसंच स्लॅबमध्ये बंद केलं की ओलावाही त्याच्याबरोबर आत बंद होतो. चकचकीत फॉइलच्या कार्डात हे लगेच दिसतं: कागद ओलावा घेऊन फुगतो, फॉइल फुगत नाही, म्हणून कार्ड फॉइलच्या बाजूला वळतं. उलट जास्त कोरडं केलं तर ते दुसरीकडे वळतं. स्लॅबमध्ये कोंबलेली एक ग्रॅमची पुडी दोन्हीकडून चूक आहे. तिच्या जाडीने कार्डावर दाब येतो, आणि एकदा भरली की ती बदलता येत नाही. शिवाय स्लॅब हवाबंद नसतो. पॉलिस्टरिन आणि अ‍ॅक्रेलिक या दोहोंमधून पाण्याची वाफ सावकाश का होईना, आरपार जाते.

ओलावा आवरायचा तो बाहेरच्या डब्यात. रबरी गॅस्केटचा, कुलुपी झाकणाचा डबा घ्या. किती जेल लागेल हे डब्याच्या आकारावर नाही, आतल्या कागदावर ठरतं. दहा लिटर हवेत तीस अंशांना पाण्याची वाफ जेमतेम ०.३ ग्रॅम मावते. पण पाचशे कार्डांचं वजन किलोच्या आसपास जातं, आणि तेवढा सादळलेला कागद ५० टक्के आर्द्रतेवर आणायला साधारण ५० ग्रॅम पाणी बाहेर काढावं लागतं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकं पाणी धरतं असं समजा, म्हणजे २०० ते २५० ग्रॅम जेल लागलं. बुटाच्या खोक्यातून जमवलेल्या पुड्यांनी हे होत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून किलोचं पाकीट घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, नारिंगी घ्या. भरलं की भट्टीत ११० ते १२० अंशांना दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. जेल जाळीच्या पिशवीत ठेवा, कार्डाला लागू देऊ नका.

डब्यात छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) हवाच, आणि तो तपासलेला हवा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत पाणी घाला, हायग्रोमीटरसोबत लहान डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. जो फरक दिसेल तो हायग्रोमीटरवरच लिहून ठेवा. कार्डांचा डबा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. खाली जाऊ लागला तर थोडं जेल काढा.

चौकटीत बंद करण्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी कार्डं आठवडाभर या डब्यात ठेवून ५० टक्क्यांवर आणा, मगच बंद करा. आगोटीच्या घाईत, मे महिन्याच्या अखेरीस, हे काम काढू नका. एसीच्या खोलीतून कार्ड काढून लगेच पडवीत आणू नका, गार पृष्ठभागावर दव धरतं. डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि डांबरगोळ्या कपाटातून काढा: नॅफ्थॅलिनची वाफ पॉलिस्टरिनला मऊ करते, स्लॅब धुरकट होतात.

‘कंपन्याही डोळ्यांनीच बघतात’ हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्यांचे डोळे चुकतातही. पीएसए ही अमेरिकेतली ग्रेडिंग कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं, टी २०६ संचातलं, आणि त्याला दहापैकी ८ मिळाले. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केलं की ते कार्ड त्याने कडा कापून नीट केलं होतं. तरीही तुमच्या आणि कंपनीच्या डोळ्यांत फरक राहतोच. कार्ड कंपनीच्या मालकीचं नसतं, दिलेल्या प्रत्येक ग्रेडची नोंद राहते, आणि चूक निघाली तर कुणाला धरायचं हे ग्राहकाला ठाऊक असतं. स्वतःच्या कार्डाला स्वतः दिलेल्या गुणांमागे यातलं काहीच नाही.

म्हणून गुण द्यायचेच असतील तर आकड्याआधी मापं लिहा. सहाशे डीपीआयवर स्कॅन करा आणि समासाचे पिक्सेल मोजा. डावा समास २.२ मिमी, उजवा १.८ मिमी असेल तर छपाई किती मधोमध आहे याचं प्रमाण ५५/४५. चारी कोपरे आणि कडा दहापट भिंगाखाली बघा. सराफ आणि घड्याळजी वापरतात ते भिंग पुरतं. पृष्ठभागासाठी दिवा तिरका धरून कार्ड हळूहळू फिरवा, ओरखडे सरळ उजेडात दिसत नाहीत. कापल्याचा संशय असेल तर त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डाशी कड जुळवा आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर दोन्ही तोला. कार्डाला हात लावताना नायट्राइलचे मोजे किंवा धुऊन कोरडे केलेले हात. सुती मोज्यांचे धागे कोपऱ्यात अडकतात. काही दिवसांनी आधीचे आकडे न बघता पुन्हा गुण द्या. दोनदा दिलेल्या गुणांत एकाहून जास्त फरक पडला तर लेबलवर आकडा घालू नका, दोष तेवढे लिहा.

मोठ्या कंपनीचं चिन्ह किंवा हुबेहूब लेबल छापणं हा गुन्हा आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. असा स्लॅब खरा म्हणून विकलात तर फसवणुकीचा गुन्हा वेगळा. दहापट भावाचं म्हणाल तर जाणता ग्राहक घरगुती लेबलसाठी जास्त पैसे देत नाही. तो कार्ड बाहेर काढून बघायला मागतो, आणि चिकटवलेला स्लॅब असेल तर तिथेच सौदा मोडतो. स्क्रूची चौकट त्याच्यासमोर उघडून दाखवता येते.

लेबलवर हे असावं: खेळाडू, संच, साल, कार्ड क्रमांक, मापं, दिसलेले दोष, बंद केल्याची तारीख, त्या दिवशीची डब्यातली आर्द्रता आणि बंद करणाऱ्याचं नाव. लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची साधी शाई ओलाव्याने पसरते आणि बिलासारखा थर्मल कागद काही वर्षांत कोरा होतो. स्टिकर वापरू नका, त्याचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो. लेबल साध्या कागदाचं, चौकटीतच त्याच्यासाठी कापलेल्या वेगळ्या खिडकीत ठेवा.