चौथ्या सीटचा मणका

मुंबईच्या लोकलमधला सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी बनवलेला आहे. रेल्वेला हे ठाऊक आहे, प्रवाशांना मान्य नाही. 'जरा सरका' म्हणत चौथा येतो, तिघे अंग चोरतात, आणि चौथ्याला एवढी जागा मिळते की तिच्यावर माणसाची एकच बाजू बसू शकते. दुसरी बाजू अधांतरी. एक पाय वाटेत रोवायचा, सॅक पोटावर घ्यायची आणि उरलेल्या शरीराला 'सांभाळून घे रे बाबा' म्हणायचं. डोंबिवलीहून सीएसएमटी म्हणजे फास्ट गाडीलाही तासाच्या वर, आणि या आसनात माझी सगळी नोकरी चालली आहे. योगाच्या पुस्तकात हे आसन नाही, कारण ऋषींना पास काढावा लागत नसे.

कमरेने तक्रार केली तेव्हा घरात निदान तयारच होतं. 'सरळ बसत जा,' असं आई मला शाळेपासून सांगते आहे, बायको लग्नापासून. हल्ली मुलगीही सांगते, पण ती स्वतः सोफ्यावर प्रश्नचिन्ह होऊन मोबाईल बघत सांगते.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मुलगी हुशार, पण पुण्याची.

"काका, बसता कसे?"

"चौथ्या सीटवर."

तिला वाटलं, कार्यालयात माझी चौथी खुर्ची आहे. मग मी तिच्या स्टुलाच्या कडेला अर्धा टेकून, पाय रोवून, सॅक छातीशी धरून प्रात्यक्षिक दाखवलं. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावलं आणि मला म्हणाली, "काका, परत एकदा दाखवा ना."

त्यानंतर भिंत. टाचा, बसायचा भाग, खांदे आणि डोक्याची मागची बाजू, सगळं एकाच वेळी भिंतीला लागलं पाहिजे. माझं बाकी सगळं लागलं. डोकं लागेना. ते कार्यालयात लवकर पोहोचायच्या घाईत कायमचं पुढे निघून गेलं होतं. ते मागे आणायचा व्यायाम म्हणजे मान न झुकवता हनुवटी सरळ आत ओढायची, पाच मोजायचे, सोडायची. गाडीतही करता येतो, असं ती म्हणाली. येतो, पण समोरच्या बाईंना वाटतं की त्यांच्या डब्यातल्या भाजीचा वास मला सहन होत नाहीये.

मोबाईलबद्दल तिने आकडेच तोंडावर मारले. डोक्याचं वजन ५ किलोच्या आसपास. मान ६० अंश खाली झुकवली की मानेवरचा भार २७ किलोंच्या घरात जातो, असं गणित केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदांनी २०१४ मध्ये मांडलं. गणितच ते, कुणाची मान तराजूत घातलेली नाही. तरीही डब्यात नजर टाकली की प्रत्येकाच्या मानेवर एकेक गोणी दिसायला लागते.

खरा घाव पुढे होता. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. (सुई घालून घेणारे कोण होते, त्यांना माझा नमस्कार.) बसल्यावर तो उभं असतानापेक्षा जास्त भरला, पुढे वाकून बसल्यावर आणखी जास्त. आता आमच्याकडे सीटसाठी लोक काय करतात? डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जातात, तिथून बसून येतात. मीही जातो. म्हणजे पहाटेची झोप मोडून, उलटा प्रवास करून मी रोज जास्तीचा दाब पकडायला धावत होतो, आणि दाराशी लोंबकळणाऱ्यांकडे दयेने बघत होतो.

"मग ताठच बसायचं का?" मी विचारलं. तर तेही नाही. ताठ बसून पुतळा झालात तरी दुखणारच. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर, सुटला की आत, स्पंजासारखं. तिचं खाणंपिणं बरंचसं या ये-जा करण्यावर. म्हणून अर्ध्या तासाने उठा, चार पावलं चाला, पुन्हा बसा. कार्यालयात हे जमतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून मॉनिटरखाली जुन्या फायली ठेवल्या, पाय टेकायला आणखी फायली घेतल्या. इतक्या वर्षांत त्या फायली पहिल्यांदाच कुणाच्या कामी आल्या.

गाडीत मात्र उठणं म्हणजे सीटवर पाणी सोडणं. तरी मी घाटकोपरला उठायला लागलो. पहिल्या दिवशी लोकांनी मला बिस्किट दिलं, दुसऱ्या दिवशी गोळी. तिसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये ठराव झाला: काका एवढ्या वयात उभ्यांना जागा देतात, तर सगळ्यांनीच घाटकोपरला उठायचं. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. फक्त खिडकीवाले अण्णा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांना चकत्यांचं खाणंपिणं नीट समजावून सांगितलं.

"माझ्या उपाशी राहू देत," अण्णा म्हणाले, आणि गाडी घाटकोपर सोडेपर्यंत झोपेचं सोंग घेऊन बसले. मान मात्र अगदी सरळ होती.