शेवटी ‘ई’ लावला की झाले स्त्रीलिंग? फ्रेंच विशेषणांच्या एका अपुऱ्या नियमाविषयी

फ्रेंच शिकू लागलेल्यांना तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: पुल्लिंगी विशेषणाच्या शेवटी ‘ई’ हे रोमन अक्षर लावले की स्त्रीलिंगी रूप मिळते, ते अक्षर मूक असल्याने उच्चार बदलत नाही, आणि पुरुषाला पुल्लिंगी, स्त्रीला स्त्रीलिंगी विशेषण लावावे. यांतील पहिली गोष्ट अर्धवट खरी आहे, उरलेल्या दोन्ही दिशाभूल करतात.

‘पती’ (लहान) आणि ‘व्हेर’ (हिरवा) यांच्या लेखनाला पहिला नियम लागू पडतो. मात्र ‘ब्लां’ (पांढरा) याचे ‘ब्लांश’ होते, ‘बो’ (सुंदर) याचे ‘बेल’ होते, तर ‘रूज’ (लाल) मुळातच ‘ई’ने संपत असल्याने जसेच्या तसे राहते. ‘ओरांज’ हे रंगवाचक विशेषण संत्र्याच्या नावावरून आल्यामुळे लिंग-वचनानुसार बदलत नाही. आपणही हिरवा-हिरवी म्हणतो, पण लाल आणि गुलाबी यांना हात लावत नाही. नियमाच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या ‘ग्रां’ (मोठा) या शब्दाचाच इतिहास वेगळा आहे. लॅटिनमध्ये त्याच्या पूर्वरूपाचे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकच होते, त्यामुळे जुन्या फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी रूपाला ‘ई’ नव्हता. तो पुढे इतर विशेषणांच्या अनुकरणाने आला. आजीला म्हणतात त्या ‘ग्रां-मेर’ या शब्दात ते जुने रूप आजही टिकून आहे.

सर्वांत जास्त नुकसान दुसऱ्या विधानाने होते. ‘ई’ मूक असतो हे खरे, परंतु त्याच्या आधीचे, पुल्लिंगात गिळले जाणारे व्यंजन स्त्रीलिंगात स्पष्ट ऐकू येते: पती-पतीत, ग्रां-ग्रांद, व्हेर-व्हेर्त. ‘न्वार’ (काळा) याच्यासारख्या विशेषणांत दोन्ही उच्चार सारखे असतात, म्हणून सर्वच विशेषणांबाबत तसे गृहीत धरणे चूक आहे. केवळ कानाने शिकणाऱ्याला पुल्लिंगी रूपावरून पुढचे व्यंजन कळणार नाही, कारण ‘दू’ (मऊ) याला ‘स’ येतो आणि ‘फ्रे’ (ताजा) याला ‘श’. ‘दूस’ आणि ‘फ्रेश’ आधी पाठ असतील, तर शेवटचे व्यंजन सोडले की पुल्लिंगी रूप हाती येते. म्हणून अशा जोड्या स्त्रीलिंगी रूपापासून शिकवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. अर्थात तिथेही एक सावधगिरी हवी: स्वराने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी नामापूर्वी ‘बो’चे ‘बेल’ होते, त्यामुळे देखण्या पुरुषाला म्हटलेल्या ‘बेल ओम’मध्ये स्त्रीलिंगासारखाच उच्चार कानी पडतो.

तिसऱ्या विधानाचे उत्तर मराठीतच आहे. ‘तो माणूस चांगला आहे’ असे आपण म्हणतो, पण त्याच पुरुषाविषयी ‘ती व्यक्ती चांगली आहे’ असेही म्हणतो. फ्रेंचमधील ‘पेर्सोन’ हे नामही असेच कायम स्त्रीलिंगी आहे, आणि विशेषण त्या नामाच्या लिंगाप्रमाणे चालते, समोरच्या माणसाच्या नव्हे. निर्जीव वस्तूंनाही हेच लागू असल्याने लहान टेबल ‘पतीत ताब्ल’ होते.